मालिका-नाटकात नव्याने येणाऱ्यांसाठी: मन कसं सांभाळायचं, मदत कुठे घ्यायची

‘सीन ७. वाडा. माजघर. रात्र.’

एवढं टाइप करून मी चार तास नुसती बसून होते. सासू-सुनेचा दीड पानाचा साधा सीन. असे सीन मी एरवी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहून मोकळी व्हायचे. त्या रात्री सुनेच्या तोंडी एक वाक्य येईना. सकाळी सातची शिफ्ट होती आणि सेटवरून येणाऱ्या फोनने उशी थरथरत होती.

ही २०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहीत होते आणि दहिसरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहत होते. त्या रात्रीनंतर डॉक्टरांपर्यंत पोचायला मला पाच महिने लागले. कुठे जायचं, काय सांगायचं, पैसे किती लागतील, काम हातचं जाईल का, यातलं काही ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कोणाला हेही कळत नव्हतं. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं मालिका-नाटकातली आहेत, पण संकलक, चित्रकार, गायक, नर्तक यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

मी डॉक्टर नाही. इथे आहे ती फक्त वाट. उपचार काय घ्यायचे ते डॉक्टरच सांगतील.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी. जगणं नको असे विचार आत्ता येत असतील, तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. माझ्या वेळी नव्हती. जवळचं कोणी असेल तर त्यालाही आत्ताच बोलावून घ्या, एकटं राहू नका.

## १. आधी ओळखा: नुसतं अडलंय, की मन आजारी आहे?

आपल्या व्यवसायात हीच पहिली गफलत होते. ‘ब्लॉक आलाय’ म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. मीही चार महिने तेच म्हणत राहिले.

मला पुढे लक्षात आलेला फरक असा. लिखाण अडलेलं असतं तेव्हा वैताग येतो, पण मिसळ चांगली लागते, मैत्रिणीचा फोन आला की बरं वाटतं, दुसऱ्याचं नाटक बघताना हात शिवशिवतात. माझं तसं राहिलं नव्हतं. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच. आईने पाठवलेले लाडू डब्यात तसेच मऊ पडले. बोरिवलीहून दहिसरला जाणारी मी, एकदा विरार येईपर्यंत गाडीत बसून राहिले, कारण उठायचं बळ नव्हतं.

स्वतःला हे विचारा. गेले दोन आठवडे, जवळजवळ रोज:

- झोप फार कमी किंवा फार जास्त झाली आहे का?
- भूक गेली आहे का, किंवा पोट भरलं तरी खाणं थांबत नाही का?
- पूर्वी आवडायच्या त्या गोष्टीत रस उरला नाही का?
- साधे निर्णय, जसं फोन उचलायचा की नाही, डोंगराएवढे वाटतात का?
- आपण कुचकामी आहोत, सगळ्यांवर ओझं आहोत, असं वाटतं का?

दोन-तीन उत्तरं ‘हो’ असतील आणि कामावर, घरावर त्याचा परिणाम दिसत असेल, तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली आहे. ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. तिचे एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर तपासणी करून घ्यावी असं मानतात. पण ती नुसती चाळणी आहे. गुण बघून स्वतःच निदान करू नका आणि गुण कमी आले म्हणून त्रास अंगावरही काढू नका.

उलट टोकाची लक्षणंही ध्यानात ठेवा. तीन-चार दिवस झोपच लागत नाही तरी थकवा नाही, डोक्यात कल्पनांची रांग लागली आहे, पैसे उधळले जात आहेत, बोलणं थांबत नाही. आपल्याकडे याला ‘सुचण्याचा बहर’ समजून कौतुक होतं. तेही डॉक्टरांना दाखवायचंच लक्षण आहे.

## २. कामाचे प्रश्न कामाच्या खात्यात टाका

माझ्या त्रासातला मोठा वाटा आजाराचा होता, पण सगळा नव्हता. निम्मी घुसमट कामाच्या पद्धतीतून आली होती, आणि कामाच्या पद्धतीवर गोळी नसते. म्हणून हे दोन हिशेब वेगळे ठेवा.

पैसा. दूरचित्रवाणीत नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत रुळलेली आहे. नव्या माणसाला हे ऐकून माहीत असतं, पण त्याचं गणित त्याने मांडलेलं नसतं. जूनमध्ये लिहिलेल्या भागांचं बिल जूनअखेर जातं. तिथून नव्वद दिवस मोजा, सप्टेंबर संपत येतो. वर दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे मालिका मिळाल्याचे पेढे वाटल्यापासून चार महिने घरभाडं तुम्हाला आधीच्या पैशातूनच द्यायचं आहे. एवढी शिल्लक नसेल तर पहिल्या महिन्याचे काही पैसे आगाऊ मागा. मागण्यात कमीपणा नाही. पैशाची धाकधूक घेऊन रोज रात्री लिहायला बसणं मनाला फार महागात पडतं.

वेळ. होकार देण्याआधी हे प्रश्न विचारा:

- किती भागांची बँक आहे, म्हणजे किती भाग आधीच तयार आहेत? बँक शून्यावर असेल तर आज लिहिलेलं उद्या चित्रित होणार, म्हणजे तुमची रात्र तुमची नाही.
- वन लाइन, म्हणजे भागात काय घडणार त्याची थोडक्यात रूपरेषा, किती दिवस आधी हातात येते?
- भाग लॉक, म्हणजे पक्का, झाल्यावर बदल कोण मागू शकतं? चॅनेल, निर्माता, दिग्दर्शक, सगळेच?
- आजारी पडले तर दुसरा संवादलेखक आहे का?

हा चौथा प्रश्न मी विचारला नव्हता. निर्मिती संस्थेकडे दुसरं कोणी नव्हतं. डेंग्यूच्या तापातही मी दोन भाग लिहिले आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आता मी सहलेखक ठरल्याशिवाय रोजची मालिका घेत नाही, मानधन थोडं वाटावं लागलं तरी.

फीडबॅक. तो रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, बहुतेक वेळा व्हॉइस नोटमधून, आणि आवाजातली चीड आपण अंथरुणात सोबत घेऊन जातो. नवख्याला ‘रात्री पाठवू नका’ असं सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. पण एवढं मागता येतं: ‘सर, मुद्दे लिहून पाठवाल का? म्हणजे काही सुटणार नाही.’ लिहिलेल्या मुद्द्यांत चीड कमी असते. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्या दिवशी शक्य तर नवा भाग लिहायला घेऊ नका. मी गुरुवार फक्त जुने भाग तपासायला ठेवते.

करार, मेल, कोणते भाग कधी दिले त्याची यादी, बिलांच्या प्रती, हे सगळं एका फोल्डरमध्ये असू द्या. लेखक असाल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या. तिथे संहिता नोंदवता येते आणि मानधनाचा किंवा श्रेयाचा वाद झाला तर त्यासाठी समिती आहे. नटांसाठी सिंटा ही संघटना आहे. थकलेल्या मनाने एकट्याने निर्मात्याशी भांडण्यापेक्षा कागद संघटनेपुढे ठेवणं कितीतरी सोपं जातं.

## ३. भूमिकेतून बाहेर येण्याची सवय लावा

नाटक सुरू होताना आपण किती काय काय करतो. नटराजाची पूजा, नारळ, विंगेत एकमेकांच्या पाया पडणं, पहिली घंटा, दुसरी, तिसरी. आत शिरण्यासाठी एवढं सगळं, आणि बाहेर पडण्यासाठी काहीच नाही. पडदा पडतो, लोक आत भेटायला येतात, सामान गाडीत चढतं, बस पुढच्या गावाला निघते.

माझी एक मैत्रीण दोन वर्षं एका नाटकात मूल गेलेल्या आईचं काम करत होती. प्रयोग संपला की ती कोणाला भेटण्याआधी पाच मिनिटं दार लावून घ्यायची. भूमिकेची साडी स्वतःच्या हाताने घडी करायची, कपड्यांचं बघणाऱ्या ताईंना करू द्यायची नाही. मग चेहरा धुवायचा, स्वतःचं घड्याळ मनगटावर चढवायचं आणि आरशात बघून स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं. घड्याळ घातलं की आपण परत आलो, असं तिचं ठरलेलं. शंभराच्या वर प्रयोग झाले, तिने हे एकदाही चुकवलं नाही.

तुम्ही तुमचं काहीतरी ठरवा. लेखकांनाही हे लागतं. मी खलनायिकेचे संवाद लिहून उठले की गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालते आणि मगच घरातल्यांशी बोलते.

इथला सापळा. काही अभिनय कार्यशाळांत ‘आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठव’ म्हणून वीस जणांसमोर माणसाला रडवतात आणि नंतर चहाची सुट्टी देतात. शिकवणाऱ्याला मनाच्या उपचाराचं शिक्षण नसेल तर त्याला तुमची जखम उघडायचा अधिकार नाही. ‘हे मला आज करायचं नाही’ एवढं वाक्य पुरेसं आहे. त्यावरून तुमची तळमळ कमी ठरवणारा शिक्षक सोडून द्या.

प्रयोगानंतरच्या बैठकीचंही सांगते. झोप यावी म्हणून दारू लागायला लागली, की ती बैठक राहिलेली नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, आणि त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. तिथे जाण्यात कलावंताला परकं वाटावं असं काही नाही.

## ४. कोणाकडे जायचं?

नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो.

- मानसोपचारतज्ज्ञ: एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. या तिघांत औषध हेच लिहून देऊ शकतात.
- चिकित्सा मानसशास्त्रज्ञ: चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारलेलं त्यांना खटकत नाही.
- समुपदेशक: मानसशास्त्रात एमए किंवा तत्सम शिक्षण घेतलेले. ताण, नातेसंबंध, निर्णय यांत मोठी मदत होते.

झोप-भूक बिघडली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बाकी वेळी कुठूनही सुरुवात करा, गरज पडली तर ते पुढे पाठवतात.

पैसे नसतील म्हणून थांबू नका. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, या सगळ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही नुसतं ओपीडीत दाखवून घरी येता येतं. नावाला घाबरू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, जिथे अगदी आपल्या बोलीत बोलता येतं. भाषेचं महत्त्व मला तिथल्या नाही, पण दुसऱ्या एका खोलीत कळलं. इंग्रजीतून ‘लो’ वाटतंय म्हणणारी मी, डॉक्टरांनी मराठीत विचारल्यावर ‘आत सगळं विझल्यासारखं झालंय’ म्हणाले आणि तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

सापळा. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, तीन दिवसांत नैराश्य घालवणारी शिबिरं. आपल्या क्षेत्रात यांची ये-जा फार, कारण ओळखीतूनच सगळं चालतं. औषध बंद करायला सांगणाऱ्या किंवा पूर्ण पॅकेजचे पैसे आधी मागणाऱ्या माणसाकडे जाऊ नका.

## ५. पहिल्या भेटीला काय न्यायचं?

- आधार कार्ड, जुना केसपेपर असल्यास तो
- सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, वजन कमी करण्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा
- थायरॉइड, बी-१२ यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर. यांच्या बिघाडानेही अशीच लक्षणं दिसतात, त्यामुळे डॉक्टर बहुधा विचारतात.
- दोन आठवड्यांची नोंद: किती वाजता झोपले, कधी उठले, काय खाल्लं, शिफ्ट कुठली होती
- घरात आधी कोणाला असा त्रास होता का, त्याची माहिती
- आरोग्य विम्याची प्रत
- सोबत एक माणूस

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा. त्या दिवशी ‘दुपारपर्यंत सीन पाठवते’ असं कोणालाही कबूल करू नका.

## ६. डॉक्टरांपुढे सीन लिहू नका

हे फक्त आपल्यासारख्यांना सांगावं लागतं. पहिल्या भेटीत मी वीस मिनिटं बोलले. बालपण, मुंबई, एकटेपणा, सगळं नीट बांधून, योग्य जागी थांबून. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘काल रात्री किती तास झोपलात?’

मला सांगता येईना. खरंच आठवत नव्हतं. तेव्हा कळलं की मी स्वतःबद्दल बोलत नव्हते, एका पात्राबद्दल बोलत होते. त्या पात्राला झोप, भूक, मासिक पाळी, बँकेत उरलेले चार हजार रुपये, यातलं काहीच नव्हतं.

नट असाल तर हे आणखी अवघड. चेहऱ्यावर हसू आणायची इतकी सवय असते की डॉक्टरांनाही ‘बरे दिसताय’ वाटू शकतं. म्हणून वही न्या आणि त्यातून वाचून दाखवा. उपमा नकोत. आकडे, वेळा, दिवस सांगा. मरणाचे विचार येत असतील तर तेही याच सरळपणे सांगा. त्यासाठी कोणी पोलिसांत देत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार तर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

## ७. औषधाने लेखणी बोथट होते का?

मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती. दुःखातूनच आपलं चांगलं लिखाण येतं, ते काढून घेतलं तर उरेल काय? गोळ्यांची पट्टी आठ दिवस पर्समध्ये तशीच होती.

माझा अनुभव सांगते. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्याआधी मळमळ, सुस्ती असा त्रास होऊ शकतो. मला तो झाला. दुसऱ्या महिन्यात संवाद सपाट येत आहेत असं वाटलं. मी गोळी बंद न करता डॉक्टरांना तसं सांगितलं, त्यांनी औषध बदललं. तिसऱ्या महिन्यात मी सलग सहा दिवस सहा भाग दिले. आजारात लिहिलेली पानं नंतर काढून वाचली. ज्यांना मी खोल समजत होते त्यांत एकच वाक्य वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी फिरत होतं.

बरं वाटलं म्हणून गोळ्या अचानक थांबवू नका, त्याने चक्कर, बेचैनी होते आणि आजार उलटू शकतो. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. सहकाऱ्याच्या गोळ्या तर कधीच घेऊ नका. रात्रपाळीच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवा, गोळीची वेळ त्याप्रमाणे ठरवता येते.

## ८. सेटवर कोणाला सांगायचं? आणि विमा?

सगळ्यांना सांगायची गरज नाही. तुमची माहिती गुप्त राहावी हा त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने दिलेला हक्क आहे. मी फक्त माझ्या पटकथालेखकाला सांगितलं. ‘दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी मला डॉक्टरकडे जायचं असतं’ एवढंच. त्यांनी कारण विचारलं नाही.

विम्याचं नीट लक्षात ठेवा. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण पुष्कळ पॉलिसींत रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च मिळतो, ओपीडीचा नाही, आणि प्रतीक्षा कालावधीही असतो. तो भाग वाचूनच सही करा. अर्जात आजार लपवू नका, नंतर दावा अडतो. आपल्या धंद्यात कंपनीचा गट-विमा क्वचितच असतो, त्यामुळे तब्येत ठीक आहे तेव्हाच स्वतःचा काढून ठेवा.

## ९. सोबतचं कोणी खचलेलं दिसलं तर

आपल्याकडे ‘शो मस्ट गो ऑन’ म्हणून पाठीवर थाप मारतात. ती मारू नका. ‘तुझ्याकडे तर मालिका आहे, तुला काय कमी’ हेही नको. बाजूला घेऊन ‘जेवलीस का, झोपतेस का?’ एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मरणाचा विचार येतो का, हे थेट विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, तिथेच १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.

तातडी नसेल तेव्हा सगळ्यात उपयोगी मदत म्हणजे सोबत जाणं. खचलेल्या माणसाला केसपेपरची खिडकी कुठली एवढंही शोधवत नाही. माझ्याबरोबर माझी खोलीतली मैत्रीण आली होती, तिची त्या दिवशी ऑडिशन होती ती सोडून. रांगेत तीच उभी राहिली, मला बाकावर बसवलं. नंबर यायला साडेबारा झाले. तोवर तिने दोनदा चहा आणला आणि एकदाही ‘बरं वाटतंय का?’ असं विचारलं नाही. कोणाबरोबर गेलात तर पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, सुटे पैसे घ्या, आणि पुढच्या भेटीची तारीख तिच्याबरोबर तुमच्याही फोनमध्ये लावून ठेवा.